एकच टेबल की जोडलेली टेबले: हायबरनेटमधील क्लासांचा वारसा

‘पेमेंट’ हा मूळ क्लास आणि त्यापासून निघालेले ‘कार्ड पेमेंट’ व ‘यूपीआय पेमेंट’ हे उपक्लास हायबरनेटमधून (जावाचे क्लास डेटाबेसच्या टेबलांशी जोडणारी लायब्ररी) डेटाबेसमध्ये मांडताना बहुधा दोन पद्धतींतून निवड करावी लागते.

एकाच टेबलची पद्धत ही जेपीएची, म्हणजे हायबरनेट पाळते त्या जावा मानकाची, वेगळे काही न सांगितल्यास होणारी निवड आहे. तिच्यात सर्व उपक्लासांच्या नोंदी एकत्र राहतात आणि कोणती ओळ कोणत्या क्लासची, हे ‘डीटाइप’ नावाचा कॉलम सांगतो. वाचताना जॉइन (क्वेरीत टेबले एकमेकांना जोडणे) लागत नाही, हा तिचा खरा लाभ. मात्र यूपीआय आयडीचा कॉलम कार्डाच्या ओळीत रिकामाच राहणार असल्यामुळे त्यावर ‘नॉट नल’ (रिकामे चालणार नाही) हे साधे बंधन घालता येत नाही, आणि क्लासमध्ये अनिवार्य असलेली माहिती डेटाबेसच्या लेखी ऐच्छिक ठरते. डीटाइप तपासणारे ‘चेक’ बंधन लिहून ही उणीव भरून काढता येते, पण नवा उपक्लास आला की ते पुन्हा तपासावे लागते. (रिकाम्या कॉलमांनी जागा वाया जाते, ही भीती पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये तरी अनाठायी आहे, तेथे नल मूल्याची नोंद एका बिटात होते.)

जोडलेल्या टेबलांच्या पद्धतीत समान माहिती मूळ टेबलात आणि प्रत्येक उपक्लासची खास माहिती त्याच्या वेगळ्या टेबलात राहते. उपक्लासची प्रायमरी की (ओळीची ओळख ठरवणारा कॉलम) हीच मूळ टेबलाकडे जाणारी फॉरेन की असते आणि ‘नॉट नल’ निर्धास्तपणे लावता येते. त्याबदल्यात प्रत्येक नव्या नोंदीसाठी दोन इन्सर्ट (दोन्ही टेबलांत एकेक) होतात, तर ‘पेमेंट’वरील क्वेरी सर्व उपक्लासांच्या टेबलांशी लेफ्ट जॉइन करते. उपक्लासांत दोन-तीनच कॉलमांचा फरक असेल, तर मी एकच टेबल ठेवीन.