दोनशे किलो, पाच मीटर, दोन पावसाळे: आमच्या ड्रॉप टॉवरचा हिशोब

चाकणला आमच्या शेडच्या कोपऱ्यात उभा असलेला ड्रॉप टॉवर, म्हणजे उंचावरून वजन सोडून गाडीचे पार्ट आपटून बघायचं मशीन, आता दोन वर्षांचा झाला. एवढ्यात निदान दहाबारा जणांचे फोन येऊन गेले, "मॅडम, मशीन कसं आहे, घ्यावं का?" प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकते. बनवणाऱ्याचं नाव लिहीत नाही. पुण्याच्या आसपासचा मध्यम कारखाना आहे, आणि खाली ज्या तक्रारी आहेत त्यातल्या निम्म्या त्यांनी पुढे निस्तरल्या. उरलेल्या निम्म्या आम्हीच निस्तरल्या.

आधी आमचं काम काय ते सांगते. गाडीच्या पुढच्या बंपरमागे डावीउजवीकडे पत्र्याचे दोन चौकोनी डबे असतात, त्यांना क्रॅश बॉक्स म्हणतात. कमी वेगात गाडी कुठे धडकली तर या डब्याने चेपायचं आणि मागच्या लाँग मेंबरला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या लांब तुळईला, वाचवायचं, एवढंच त्याचं आयुष्य. डबा चांगला असला तर हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या पडत चेपतो. वाईट असला तर मधेच कंबरेत वाकतो आणि धक्का तसाच मागे सोडून देतो. ड्रॉइंगवर दोघं सख्खे भाऊ दिसतात. फरक कळतो तो आपटल्यावर.

पूर्वी आपटायला बाहेरच्या लॅबची तारीख घ्यावी लागायची. तीन आठवडे थांबा, टेम्पोत पार्ट भरा, दिवसभर तिथे बसा. डब्यावरची खाच दोन मिलिमीटर वर सरकवली की पुन्हा रांगेत. १ ऑक्टोबर २०२३ला भारत एनकॅप, म्हणजे गाड्या आपटून त्यांना सुरक्षेचे स्टार देणारी आपली चाचणी, सुरू झालं. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटरने, पुढची एकच बाजू धडकेल अशी, बॅरियरवर घालतात. तेव्हापासून आमचे गाडीवाले ग्राहक सुट्या पार्टचेही आपटल्याचे ग्राफ मागायला लागले. मालकांनी एका संध्याकाळी विचारलं, "आपलंच मशीन घेतलं तर?" किमतीचा आकडा देत नाही. चाकणमध्ये एक वन बीएचके आला असता, एवढं समजा. परदेशी मशीनच्या कोटेशनमध्ये बहुधा अख्खा मजला आला असता.

मशीन दिसायला अगदी साधं. दोन उभे गाईड रेल, मधे वजनाची गाडी, वर ती ओढून घेणारं विंच, खाली जाड पोलादी अँव्हिल म्हणजे ऐरण, त्यावर बळ मोजणारा लोडसेल आणि लोडसेलवर आपला पार्ट. आमच्याकडे २०० किलो वजन ५ मीटरवरून सोडतात. खाली येईपर्यंत त्याला सेकंदाला ९.९ मीटर वेग येतो, म्हणजे ताशी साधारण ३६ किलोमीटर, आणि ऊर्जा भरते ९.८ किलोज्यूल. एक टनाची छोटी गाडी ताशी १६ किलोमीटरने भिंतीला लागली तर तिच्यातही जवळजवळ एवढीच ऊर्जा असते. क्रॅश बॉक्सचं खरं कार्यक्षेत्र तेवढंच, त्यामुळे आमच्या कामाला हा टॉवर पुरतो. एनकॅपचा ६४चा वेग नुसत्या पडण्यातून हवा असेल तर १६ मीटर उंची लागते, म्हणजे पाच मजली इमारत. आमच्या क्रेनखाली जागा ७ मीटर. सेल्समनने हे गणित सांगितलं नव्हतं. "सगळं होतं मॅडम यावर" एवढंच म्हणाला होता.

हे "सगळं होतं" प्रकरण जरा नीट सांगते, कारण इथेच लोक फसतात. ब्रोशरमध्ये डॅशबोर्ड आणि सीटच्या पाठीची हेडफॉर्म टेस्टही छापली होती. त्या टेस्टमध्ये माणसाच्या डोक्याऐवजी १६५ मिलिमीटर व्यासाचा, ६.८ किलोचा गोळा ताशी २४.१ किलोमीटरने आपटायचा असतो, आणि त्याचा वेग उतरताना ८० जीच्या (गुरुत्वाच्या ८० पटीच्या) वर सलग ३ मिलिसेकंदांपेक्षा जास्त राहायचं नाही. वेगाचा प्रश्न नाही, २.३ मीटरवरून सोडलं की तो येतो. पण आमची वजनाची रिकामी गाडीच ६० किलोची आहे. ६० किलोचं डोकं कुणाच्या खांद्यावर असतं? त्या कामाला लंबक वेगळा घ्यावा लागतो. तसंच सीटचं. २० जी, ३० मिलिसेकंद, सीट गाडीच्या बॉडीवर बसवलेली, असं म्हटलं की स्लेड, म्हणजे रुळावरून झटका देणारी घसरगाडी, लागते, आणि त्यासाठी आजही एआरएआयसारख्या मोठ्या वाहन-चाचणी संस्थेतच जावं लागतं. टॉवर त्याची जागा घेत नाही, घेणारही नाही.

आता बसवण्याची गोष्ट. मशीन ट्रकमधून उतरलं तेव्हा मला वाटलं, आठ दिवसांत पहिला ड्रॉप. अडीच महिने लागले. आमच्या शेडखाली काळी माती आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. कारखानदाराने पाठवलेलं फाउंडेशनचं ड्रॉइंग मुरमाच्या जागेचं होतं. आमच्या सिव्हिलवाल्या दादांनी ते बघून फक्त मान हलवली आणि जेसीबी मागवला. मुरूम लागेपर्यंत खोदलं, काँक्रीटचा मोठा ठोकळा ओतला आणि त्याच्या चारी बाजूंनी फट सोडून रबर भरलं. तरीही एक चूक राहिलीच. भिंतीपलीकडे क्वालिटीची खोली आहे आणि तिथे सीएमएम आहे, मायक्रॉनमध्ये मोजणारं. पहिल्या ड्रॉपला तिकडची ताई दार उघडून बाहेर आली. काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. तेव्हापासून नियम असा की वजन वर चढायला लागलं की पोरगा जाऊन तिच्या दारावर टकटक करतो, ती प्रोब बाजूला घेते, मग आम्ही सोडतो. टॉवर घेणाऱ्यांनी आधी शेजारी काय आहे ते बघा.

यातला सगळ्यात गंभीर प्रसंग चौथ्या महिन्यातला. वजन धरायला इलेक्ट्रोमॅग्नेट होता. करंट आहे तोवर धरतो, बटण दाबलं की सोडतो. सोपं आणि स्वस्त. कमिशनिंगच्या वेळी मी विचारलं होतं, लाइट गेली तर? त्यांचा इंजिनिअर हसला, "इंडस्ट्रियल फीडरला लाइट जात नाही हो मॅडम." इकडे गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी लाइट जायचा वार. पुण्याच्या बाजूला राहून गुरुवारी लाइट जात नाही असं म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. आणि गुरुवारीच गेली. वजन दीड मीटरवर होतं, फिटर काका पार्टचे बोल्ट आवळून नुकतेच मागे सरकले होते. धप्प. आवाज होऊन गेल्यावर बराच वेळ कुणी काही बोललं नाही. काकांनी पाना खाली ठेवला आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

त्या दिवशी मी टॉवरला कुलूप लावलं आणि कारखानदाराला फोन केला. त्यांच्या बाजूने एक सांगायला हवं: दुसऱ्या दिवशी मालक स्वतः आला, वाद घातला नाही. मॅग्नेट काढून हवेवर उघडणारा हूक बसवला. त्याला उघडायला हवा लागते, धरून ठेवायला काहीच लागत नाही. शिवाय रेलमधून आडवी जाणारी जाड पिन. ती काढल्याशिवाय आणि जाळीचं दार लावल्याशिवाय बटण चालत नाही, आणि बटणं दोन, दोन्ही हातांनी एकदम दाबायची. याचे पैसे घेतले नाहीत. पण हे पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं, आणि "ऑप्शनल" म्हणून कोटेशनच्या तळाशी तर नकोच. मॅग्नेटवाला टॉवर कुणी कितीही स्वस्तात दिला तरी मी घेणार नाही.

दुसरी भानगड मोजमापाची, आणि ती जास्त आतल्या गाठीची. सात-आठ महिने आमचे डबे झकास पास होत होते. मग ग्राहकाच्या लॅबमध्ये तोच डबा आमच्यापेक्षा बराच जास्त चेपला. त्यांनी नम्रपणे विचारलं, तुमचा वेग किती? मी तोऱ्यात सांगितलं, ५ मीटर, म्हणजे ९.९. त्यांनी पुन्हा विचारलं, मोजलेला किती? मोजलेला नव्हताच. वेग मोजणारी लाइट गेट मशीनबरोबर आली होती, पण ती धुळीने आंधळी झालेली आणि सॉफ्टवेअर उंचीवरून काढलेला आकडाच रिपोर्टमध्ये छापत होतं. गेट पुसून मोजलं तर ९.६. किरकोळ वाटतं ना? ऊर्जा वेगाच्या वर्गाने जाते, म्हणजे सहा टक्के कमी. आम्ही सात-आठ महिने सहा टक्के माया करून डबे आपटत होतो.

कारण निघालं रेलमध्ये. गाईड बुशमध्ये ग्राइंडिंगची धूळ ग्रीसमध्ये कालवून बसलेली, आणि काळ्या मातीच्या कृपेने एक रेल ओळंब्यातून किंचित कललेला. बुश बदलले, रेल शिम (पत्र्याच्या पातळ चकत्या) लावून सरळ केला, ९.८च्या वर आलं. आता प्रत्येक रिपोर्टवर मोजलेलाच वेग जातो, आणि सॉफ्टवेअरमधला तो गणिती रकाना मी बंद करायला लावला. या टॉवरमध्ये वजन, विंच, रेल हे सगळं कुठलाही चांगला फॅब्रिकेटर बनवेल. पैसे मोजायचे ते आपटण्याच्या क्षणी खरा वेग किती होता आणि बळ किती आलं, हे खरं सांगणाऱ्या दोन-चार डब्यांसाठी. आमच्याकडे नेमकी तिथेच काटकसर झाली होती.

लोडसेल मात्र चांगला दिला आहे. अख्खा खेळ २४-२५ मिलिसेकंदांत आटोपतो. १२० मिलिमीटर चेपताना सरासरी ८० किलोन्यूटनच्या आसपास बळ येतं, आणि सुरुवातीला, पहिली घडी पडायच्या आधी, त्याच्या कितीतरी वर एक टोक जातं. ते टोक खाली आणायलाच डब्यावर खाचा पाडतात. कच्चा ग्राफ बघितला तर घाबरायला होतं, कारण पोलादावर पोलाद आपटलं की सगळा सांगाडा झांजेसारखा वाजतो आणि ते वाजणंही ग्राफमध्ये येतं. ते गाळायला सीएफसी नावाचे ठरलेले फिल्टर आहेत, ६०, १८०, ६००, १०००. सॉफ्टवेअरमध्ये चारही आहेत. पण कुठला लावला हे रिपोर्टवर आपोआप छापलं जात नाही. ६०ने गाळलं की तेच टोक गुळगुळीत, सोज्वळ दिसतं. हा मोह आवरायला मशीनने मदत करायला हवी होती.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. सेकंदाला १००० फ्रेमचा कॅमेरा दोन फ्रेममध्ये वजन १० मिलिमीटर खाली आलेलं दाखवतो, म्हणजे घडी कधी पडली ते निसटतं. ५००० हवा. आणि दिवे डीसीचे हवेत. आम्ही बाजारातले एलईडी फ्लड लावले होते. ते सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात, डोळ्यांना कळत नाही. पहिल्या व्हिडिओत आमचा डबा चेपता चेपता दोनदा अंधारात गेला.

डबा पूर्ण चेपून वजनात जीव उरलाच तर तो थांबवायला दोन्ही बाजूंना बळीचे बकरे उभे करावे लागतात. ॲल्युमिनियमचं हनीकोंब एकदाच वापरता येतं आणि महाग पडतं. आम्ही भंगारातल्या पातळ नळ्या ठरावीक लांबीच्या कापून ठेवतो. उसळीचा ब्रेक चांगला चालतो, वजन एकदा उडालं की दुसऱ्यांदा पडत नाही. सर्व्हिसचा माणूस बोलावल्यावर दोन दिवसांत येतो, ही या मशीनची सगळ्यात मोठी जमेची बाजू. परदेशी मशीनला तो व्हिसा काढून येतो.

घ्यावं का? क्रॅश बॉक्स, बंपर बीम, ब्रॅकेट करत असाल आणि महिन्याला पंधरावीस ड्रॉप होत असतील, तर घ्या. दोन वर्षांत खाचेच्या जागा आम्ही इतक्यांदा बदलून बघितल्या की बाहेरच्या लॅबमध्ये त्या जमल्या नसत्या. महिन्याला दोन-तीनच होणार असतील तर रांगेत उभं राहणं स्वस्त.

गेल्या महिन्यात आमच्या दुसऱ्या युनिटसाठी याच कारखान्याचं नवं मॉडेल बघायला गेले. पहिल्या वेळी त्यांनी स्वतःची नळी आपटून दाखवली होती, ती अर्थातच हार्मोनियमसारखी चेपली आणि आम्ही खूश होऊन आलो. या वेळी मी पिशवीतून आमचा डबा नेला. वेल्डिंग वाकडं गेलेला, रिजेक्ट. तिथल्या ऑपरेटरने तो हातात घेऊन फिरवून बघितला आणि मालकाकडे बघितलं. मालक म्हणाला, "टाक." डबा कंबरेत वाकला, वजन एका अंगाला रेललं, रेल करकरले, पण गाडी अडकली नाही आणि गेटवर वेग ९.८ दाखवला. मालकाने कपाळ पुसलं आणि आम्हाला चहा सांगितला.