शीनिंग ते ल्हासा रस्त्याने: गटाच्या सहलीत पैसे नेमके कशाचे?

ल्हासाला विमान जातं आणि २००६ पासून रेल्वेही जाते. तरीही शीनिंगहून राष्ट्रीय महामार्ग १०९ ने, दहाबारा जणांच्या गटात, मिनीबसने नेणारी सहल तिबेटमधल्या अनेक कंपन्या विकतात. अंतर साडेएकोणीसशे किलोमीटरच्या आसपास, दिवस सात ते नऊ. माहितीपत्रकावर छिंगहाय सरोवर, चाका नावाचं मिठाचं तळं आणि शेवटी पोताला राजवाडा. ठिकाणं चांगलीच आहेत, पण सहल जमली की फसली हे त्यांच्यावर ठरत नाही. गोलमुड ते नाग्चू या मधल्या पट्ट्यात तुम्हाला रात्री कुठे झोपवतात, यावर ठरतं. कंपन्यांची नावं बदलतात, आखणीचा साचा तोच राहतो. हे परीक्षण त्या साच्याचं आहे.

पहिला अर्धा भाग बिनधास्त घ्यावा असा आहे. शीनिंग २,२६० मीटरवर, तिथे दोन रात्री. मग ३,५२० मीटरची रियुए खिंड ओलांडून सरोवराच्या काठी ३,२०० मीटरवर मुक्काम. पुढे ३,८१७ मीटरची शियांगपी खिंड चढून उतरलं की चाका, साधारण ३,१०० मीटर. तिथून त्सायदामचं कोरडं खोरं तुडवत गोलमुड, २,८०० मीटर. दिवसा थोडं वर जायचं, रात्री खाली झोपायचं, असा हा क्रम आपोआप जुळून येतो. जुलैत सरोवराकाठी मोहरीवर्गातलं पिवळं पीक फुललेलं असतं आणि त्याच महिन्यात चाकाला पाय ठेवायला जागा नसते. आरशासारखं पाणी हवं तर सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत पोहोचावं लागतं. दुपारी नेणारी कंपनी तुम्हाला फक्त मीठ दाखवते.

गोलमुड शहरात बघण्यासारखं फारसं काही नाही. म्हणूनच कंपन्या इथली दुसरी रात्र कापतात आणि तिथेच घोळ होतो. साच्यातला पुढचा दिवस असा: सकाळी गोलमुड सोडायचं, ४,७६७ मीटरची कुनलुन खिंड चढायची आणि चारशेहून अधिक किलोमीटर कापून तुओतुओहेला ४,५३० मीटरवर झोपायचं. म्हणजे एका दिवसात झोपायची उंची १,७०० मीटरने वाढली. ३,००० मीटरच्या वर एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त चढू नये आणि दर तीनचार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा वैद्यकीय संकेत आहे. वाटेत वुदाओलिआंग नावाचा थांबा लागतो. ‘वुदाओलिआंगला पोचलं की माणूस आई-बापाच्या नावाने रडतो’, अशी या रस्त्यावरच्या चालकांची जुनी म्हण आहे. ती उगाच पडलेली नाही.

उंचीच्या त्रासावर खरा इलाज एकच, खाली उतरणं. या रस्त्यावर तोच महाग पडतो, कारण हे पठार आहे, दरी नाही. तुओतुओहेला मध्यरात्री कोणाची तब्येत बिघडली तर पुढे ५,२३१ मीटरची तांगगुला खिंड आणि मागे गोलमुड, दोन्हीकडे कित्येक तासांची वाट. ‘लेहला मला काही झालं नव्हतं’ हा आपल्याकडचा लाडका दाखला इथे उपयोगाचा नाही. लेह ३,५०० मीटरवर आहे, खार्दुंग ला चढून लोक संध्याकाळी परत खाली येतात. इथे सलग दोन रात्री साडेचार हजारांवर काढायच्या असतात.

यावर तोड आहे. गोलमुडपासून सुमारे १४० किलोमीटरवर शीदातान नावाची छोटी वस्ती आहे, उंची साधारण ४,१५० मीटर. शेजारच्या ६,१७८ मीटरच्या युझू शिखरावर जाणारे गिर्यारोहक इथेच थांबून अंगाला हवेची सवय लावतात. गोलमुडला दोन रात्री, शीदातानला एक, मग तुओतुओहे, मग नाग्चू, अशी मागणी करा. शीदातानची उडीही मोठीच आहे, पण त्रास झाला तर दोन-तीन तासांत गोलमुडला उतरता येतं. तिथली खोली साधी, शौचालय बाहेर. परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे नोंदणी तिथे होईल ना, हे कंपनीकडून आधी लेखी घ्यावं. एक दिवस वाढतो म्हणून कंपनी कुरकुर करेल. करू द्या.

‘गाडीत ऑक्सिजन आहे’ या वाक्यावर समाधान मानू नका. दुकानात मिळणारे फवाऱ्याचे डबे काही मिनिटांत संपतात. नळी आणि नियंत्रक बसवलेला खरा सिलिंडर हवा आणि त्याचं आकारमान विचारायला हवं. ४ लिटरचा सिलिंडर १५० बार दाबाला भरलेला असेल तर त्यात सुमारे ६०० लिटर वायू असतो; मिनिटाला २ लिटरने पाच तास चालतो. १० लिटरचा असेल तर साडेबारा तास. बारा माणसांच्या गाडीत एकच लहान सिलिंडर म्हणजे एका आजारी माणसाची अर्धी रात्र. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर सोबत असावं, पण साडेचार हजारांवर ८० ते ८५ आकडा दिसला म्हणून लगेच घाबरू नये. गार बोटावर तर ते हमखास चुकतं. चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं, बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यात फेस येणं ही खरी धोक्याची चिन्हं. यातलं काही दिसलं की सकाळची वाट बघायची नाही. ॲसिटाझोलामाइड ही गोळी बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि इतरांनीही ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, आणि या रस्त्यावर आडोसा नाही.

रस्ता डांबरी आहे, पण गुळगुळीत नाही. खालची जमीन बारमाही गोठलेली. वरचा थर उन्हाळ्यात विरघळतो, हिवाळ्यात फुगतो आणि डांबराच्या लाटा होतात. कडेला ओळीने रोवलेल्या लोखंडी नळ्या दिसतात. त्यांतला अमोनिया जमिनीतली उष्णता वर आणून बाहेर टाकतो, म्हणजे पाया गोठलेला राहतो. मिनीबसच्या शेवटच्या रांगेला या लाटांचा पुरता प्रसाद मिळतो, तेव्हा सतरा आसनी गाडीत दहाबाराच माणसं आणि रोज जागांची अदलाबदल, हे ठरवूनच घ्या. ट्रक आणि लष्करी ताफ्यांमागे तासन्‌तास जातात. चालकाने सलग चार तासांनंतर किमान वीस मिनिटं थांबायचा नियम आहे, म्हणून दिवसाचं वेळापत्रक नकाशावरच्या तासांपेक्षा लांबतंच.

या पट्ट्याची भरपाई मात्र खिडकीबाहेर आहे. होह शिल हा भाग २०१७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आत शिरायला मनाई आहे, पण रानगाढवं आणि तिबेटी हरणं रस्त्यावरूनही दिसतात. मे-जूनमध्ये या हरणांच्या, म्हणजे चिरूंच्या, माद्या विण्यासाठी वुदाओलिआंगजवळ रस्ता ओलांडून पश्चिमेकडे जातात. त्या वेळी गाड्या थांबवल्या जातात आणि कोणी तक्रार करत नाही. शेवटच्या दिवशी दामशुंगजवळ ७,१६२ मीटरचं न्येनचेन तांगल्हा उजव्या खिडकीत येतं.

तुओतुओहेच्या मुक्कामाकडून अपेक्षा ठेवू नये. विजेवर तापणारी गादी मिळते, गरम पाणी मिळेलच असं नाही. खोलीत कोळशाची शेगडी असेल तर खिडकी किलकिली ठेवाच. कार्बन मोनॉक्साइडची डोकेदुखी आणि उंचीची डोकेदुखी सारखीच वाटते. खाण्याचं म्हणाल तर गोलमुडपर्यंत हुई मुसलमानांची हाताने ओढलेल्या शेवयांची दुकानं आहेत, उत्तम आणि स्वस्त. फक्त रस्सा बहुतेक बीफचा असतो. शाकाहारी माणसाने ‘वो छी सू’ म्हणावं आणि तरीही भांड्यात डोकावून बघावं. टोमॅटो-अंड्याच्या शेवया जवळपास सगळीकडे मिळतात. साडेचार हजारांवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय भात कच्चा राहतो आणि सोबत नेलेले झटपट पोहे झाकून बराच वेळ ठेवावे लागतात. चिवड्याची हवाबंद पाकिटं फुग्यासारखी टम्म होतात, ती पिशवीत सैल ठेवावीत.

रेल्वेशी तुलना टाळता येत नाही. शीनिंग ते ल्हासा १,९५६ किलोमीटर, एकवीस-बावीस तास, साध्या शयनयानाचं तिकीट सुमारे ५०० युआन, डब्यात ऑक्सिजन सोडलेला. पैसे आणि दिवस दोन्ही मोजके असतील तर रेल्वेच घ्या. मात्र अशा डब्यात एक रात्र काढून अंगाला उंचीची सवय होत नाही. ती ल्हासाला उतरल्यावर नव्याने करावी लागते. रस्त्याने नीट आलेला माणूस ४,५०० वरून ३,६५० मीटरवर उतरतो आणि पोतालाच्या पायऱ्या तुलनेने सहज चढतो. मधल्या रात्री नीट आखलेल्या असतील तर रस्त्याला पाचपैकी चार. गोलमुड ते तुओतुओहे एका दमात असेल तर दोन, आणि साठीच्या पुढच्यांनी ती सहल घेऊच नये.

दर ऐकून डोळे विस्फारतात, कारण गाडी आणि मार्गदर्शक बहुधा ल्हासाहून रिकामे येतात आणि तो खर्च गटावर वाटला जातो. गटातले दोघे गळाले तर उरलेल्यांचा हिस्सा वाढतो का, हे आधी विचारा. परदेशी माणसाला तिबेटचा परवाना फक्त कंपनीमार्फतच मिळतो, त्यावर गटातली नावं आणि ठरलेला मार्ग असतो, आणि ल्हासाबाहेरच्या बऱ्याच भागांसाठी पोलिसांचा वेगळा परवाना लागतो. भारतीयांना चीनचा पर्यटक व्हिसा जुलै २०२५ पासून पुन्हा मिळू लागला आहे. व्हिसा हातात आल्यावर परवान्यासाठी किमान तीन आठवडे हाताशी ठेवा. फेब्रुवारीअखेर ते मार्चअखेर तिबेट परदेशी पर्यटकांना सहसा बंद असतं. मे ते जूनची सुरुवात किंवा सप्टेंबर उत्तम. १ ऑक्टोबरपासूनचा सुट्टीचा आठवडा टाळा. दलाई लामांचा फोटो किंवा पुस्तक सामानात, फोनमध्येसुद्धा नको. चौकीवर एकाच्या सामानात सापडलं तर सगळा गट अडकतो.

आगाऊ रक्कम भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या: प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची, सिलिंडरची संख्या आणि आकार, आणि परवाना नाकारला गेला किंवा रस्ता बंद झाला तर किती पैसे किती दिवसांत परत. एखादा प्रवासी आजारी पडून गोलमुडला मागे राहिला तर त्याला ल्हासाच्या रेल्वेत बसवण्याचा खर्च कोणाचा, हेही त्याच कागदावर यायला हवं.