२४ इंची ट्रॉली बॅग : नेली चार चाकांवर, आणली तीन चाकांवर

ही बॅग घेतल्यावर आठवड्याभरातच मी पाच तारे देऊन मोकळी झाले होते. ते आज खोडतेय. लिटर, वजन, रंग सगळं पानावर लिहिलेलं आहे, ते पुन्हा उगाळत नाही. मला बोलायचंय ते चाकांबद्दल.

बॅग घेतली मालदीवसाठी, सेलमध्ये ४,१९९ रुपयांना. फेब्रुवारी २०२५मध्ये आम्ही तिघं गेलो, मी, हे आणि सासूबाई. आधी एका एजंटकडे चौकशी केली होती. त्याच्या कोटेशनमध्ये ‘एंट्री फॉर्म चार्जेस’ माणशी ९०० रुपये! आता हा फॉर्म म्हणजे इमुगा. मालदीव इमिग्रेशनच्या साइटवर विमानाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा, दर माणशी वेगळा, पासपोर्ट आणि फोटो अपलोड करून. फुकट असतो. मी तो रात्री भाजी निवडता निवडता तिघांचा भरला. परत येतानाही भरावा लागतो, हे मात्र लक्षात ठेवा. गूगलवर पैसे मागणाऱ्या साइट्सही दिसतात, तिकडे फिरकू नका. एजंटला रामराम केला, वाचलेल्या २,७०० मध्ये अर्धी बॅग आली असं मनाचं समाधान करून घेतलं.

भारतीयांना व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो, त्याचेही पैसे नाहीत. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग हाताशी ठेवा. पासपोर्टची मुदत त्यांच्या नियमात महिनाभर असली तरी चालते, पण चेक-इन काउंटरवर हुज्जत नको असेल तर सहा महिने असू द्या. आमच्या पुढच्या माणसाने ड्युटी फ्रीची बाटली आणली होती. उतरल्यावर सामान एक्स-रेमधून जातं, त्याची बाटली तिथेच राहिली. दारू नेता येत नाही. ई-सिगारेटवर तर नोव्हेंबर २०२४पासून बंदी आहे.

एअरपोर्टवर बॅग अशी पळत होती की सासूबाई म्हणाल्या, “अगं, हिला धर, पुढे निघून जाईल.” पाच तारे तेव्हाचेच.

आम्ही उतरलो शुक्रवारी. तिथे शुक्रवार म्हणजे सुट्टी, आणि आम्हाला जायचं होतं त्या माफुशी बेटाची स्वस्तातली सरकारी फेरीबोट त्या दिवशी बंद. तिकीट काढताना वार बघा, मी बघितला नव्हता. मग डॉलर मोजून स्पीडबोट. फेरीला दीड तास लागतो, बोट अर्ध्यापाऊण तासात पोचवते, पण खारं पाणी सगळं बॅगेवर. माफुशीच्या जेट्टीपासून गेस्टहाऊस चारपाच मिनिटांवर, पण गल्ली वाळूची. आणि ती वाळू आपल्या अलिबागसारखी दबणारी नाही. प्रवाळाचा चुरा तो, पोपटमासे प्रवाळ कुरतडून करतात म्हणे. भरड, रव्यासारखा. बॅग दहा पावलं गेली, करकरली, आणि मागचं उजवं चाक फिरायचं थांबलं. ह्यांनी जोर लावला. चाक आडवं झालं, मग मोडलं. गेस्टहाऊसचा पोरगा हातगाडी घेऊन आला, बहुतेक त्याला हे रोजचंच असावं.

चार दिवस छान गेले, त्याबद्दल तक्रार नाही. नाश्त्याला मस हुनी, म्हणजे टूना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, आणि सोबत रोशी, म्हणजे तिथली चपाती. सासूबाई मासे खात नाहीत, त्यांनी रोशी घरून नेलेल्या मेतकुटाशी खाल्ली. प्लग तीन चपट्या पिनांचा लागतो, अडॅप्टर न्या. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. ग्रीन टॅक्स छोट्या गेस्टहाऊसला माणशी रात्रीला ६ डॉलर, रिसॉर्टला १२. आम्हा तिघांचे चार रात्रींचे ७२ डॉलर झाले, म्हणजे बॅगेपेक्षा टॅक्स महाग. शिवाय जीएसटी आणि १० टक्के सर्व्हिस चार्ज. आम्ही गेलो तेव्हा जीएसटी १६ टक्के होता, जुलै २०२५पासून १७ झालाय. बुकिंगच्या किमतीत हे धरलंय का, ते आधी विचारा. निघताना त्या पोराने सासूबाईंच्या पिशवीतले पांढरे खडे बाहेर काढायला लावले. किनाऱ्यावरून उचललेलं प्रवाळ होतं ते, देशाबाहेर नेता येत नाही. सासूबाई विमानात बसेपर्यंत गप्प.

ठाण्यात परतल्यावर सर्व्हिस सेंटरला तीन फेऱ्या. तीन वर्षांची वॉरंटी, पण “मॅडम, चाकं वेअर अँड टेअरमध्ये येतात.” अहो, मग ट्रॉली बॅगेत दुसरं झिजतं तरी काय? तिसऱ्या फेरीत नव्या बॅगेवर २० टक्के सूट देऊ केली. तेव्हा रागाने इथे एक तारा लिहिला होता, तो काहींनी वाचलाही असेल.

तोही बदलतेय. जुलैत जांभळी नाक्याजवळ ‘चेन बदलून मिळेल’ अशी पाटी दिसली म्हणून बॅग नेली. त्या दादांनी आतली चेन उघडून अस्तर बाजूला केलं आणि बोटाने दाखवलं, “ताई, हे बघा, चाकं रिव्हेटवर ठोकलीत. स्क्रू असता तर तुम्ही घरीच बदलली असती.” त्यांनी रिव्हेट ड्रिलने उडवले, चारही चाकं नवी, स्क्रूवाली बसवली. ६०० रुपये, अर्ध्या तासात. बाकीची तीन चाकं खाऱ्या पाण्याने आतून गंजलीच होती. बॅग घेताना दुकानात अस्तर उघडून बघा, स्क्रू दिसला तरच घ्या. दुकानदार बघेल विचित्र नजरेने, बघू दे.

त्यानंतर गणपतीत तुतारी एक्सप्रेसने सावंतवाडीला नेली, नारळ भरून आणले. हँडल, चेन, कोपरे एकदम ठणठणीत. बॅग चांगली आहे हो. साडेतीन तारे. पण बेटावर जाणार असाल तर पाठीवरची सॅक न्या.

जुनी चाकं दादांनी कॅरीबॅगमध्ये घालून दिली होती. परवा कपाट आवरताना ती पडली आणि फरशीवर चमचाभर पांढरी वाळू सांडली. सासूबाई बघत होत्या. “माझे खडे तेवढे काढायला लावले,” म्हणाल्या.