ओयांतायतांबो: अर्धवट राहिलेल्या मंदिरासाठी सबंध सकाळ राखून ठेवावी

पेरूच्या पवित्र खोऱ्यातील ओयांतायतांबो हे गाव बहुतेक प्रवाशांना माचू पिच्चूची रेल्वे पकडण्याचे ठिकाण म्हणूनच ठाऊक असते, आणि हा त्या गावावर मोठा अन्याय आहे. इंका लोकांनी दगड कसा आणला, कसा घडवला आणि कसा बसवला हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला माझ्या मते माचू पिच्चूपेक्षाही हे स्थळ अधिक शिकवते, कारण इथले काम मध्येच थांबले आणि थांबले त्या अवस्थेत ते अजून पाहायला मिळते.

उंच पायऱ्यापायऱ्यांच्या शेतबांधांवरून चढून गेल्यावर सूर्यमंदिराची सहा अखंड शिळांची भिंत समोर येते. गुलाबी छटेच्या या शिळा माणसाच्या दुपटीहून उंच आहेत आणि दोन शिळांच्या मध्ये दगडाचीच अरुंद पट्टी इतकी घट्ट बसवलेली आहे की सांधा शोधावा लागतो. एका शिळेवर पायऱ्यांच्या आकाराची उठावाची नक्षी आहे. ती झिजली असली तरी तिरप्या उन्हात स्पष्ट उमटते. आसपास पडलेल्या काही दगडांत धातूचे सांधे बसवण्यासाठी कोरलेल्या इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या खाचा आहेत, त्या अवश्य पाहाव्यात. मग मागे वळून उरुबांबा नदीपलीकडच्या डोंगराकडे पाहावे. काचिकाताची खाण तिथे आहे, आणि तिथून निघूनही मंदिरापर्यंत न पोहोचलेले प्रचंड दगड, ज्यांना स्थानिक लोक ‘थकलेले दगड’ म्हणतात, आजही वाटेत पडून आहेत.

१५३७ साली इंकांचा राजा मान्को इंका याने याच बांधांवरून एर्नांदो पिझारोच्या स्पॅनिश सैन्याला परतवले आणि खालच्या मैदानात पाणी सोडून त्याच्या घोडदळाची कोंडी केली. वर उभे राहिल्यावर ती लढाई नकाशाशिवाय समजते.

सेवेबद्दल मात्र स्पष्ट लिहायला हवे. मी जवळच्या कुस्को शहराहून एका दिवसात सगळे खोरे दाखवणाऱ्या सहलीच्या बसने आलो होतो. त्या सहलीत दुकानांसाठी भरपूर वेळ होता, पण इथे जेमतेम सहा शिळांपर्यंत जाऊन परतावे लागले. म्हणून पुन्हा स्वतंत्रपणे आलो आणि स्थानिक वाटाड्या घेतला. त्याने पाण्याचे पाट, कारंजी आणि दगड वर चढवण्याची उतरण ज्या समजुतीने दाखवली, ती फलक वाचून मिळाली नसती.

प्रवेश कुस्कोच्या पर्यटन तिकिटावर मिळतो. १० दिवस चालणारे पूर्ण तिकीट परदेशी प्रौढांसाठी १३० सोल (पेरूचे चलन), तर पिसाक, चिंचेरो आणि मोराय यांच्यासह फक्त खोऱ्यापुरते, २ दिवसांचे तिकीट ७० सोल आहे. माचू पिच्चूचे तिकीट यात येत नाही. गाव सुमारे २,८०० मीटरवर, म्हणजे कुस्कोपेक्षा बरेच खाली असल्याने श्वासाचा त्रास कमी होतो. तरीही चढ सावकाश चढावा.

शक्य असल्यास मुक्काम गावातच करावा. इंकाकालीन आखणीच्या गल्ल्यांतून आजही लोक राहतात आणि पाटांतून पाणी वाहते. बसगाड्या येण्याआधी, दरवाजे उघडताच अवशेषांत शिरावे, आणि समोरच्या पिंकुयुना डोंगरावरील धान्याची जुनी कोठारे त्यानंतर पाहावीत. तिथे तिकीट लागत नाही.