मॉलमधल्या "रेस्क्यू" पेटिंग झूची तिकिटं काढायच्या आधी हे वाचा

पुण्यातल्या एका मॉलमध्ये इनडोअर पेटिंग झू, म्हणजे प्राण्यांना हात लावून खेळवायची जागा, सुरू झालाय, तक्रार चालू आहे म्हणून नाव देत नाही. रील बघितली असेल तुम्ही, मांडीवर ससा, खांद्यावर पोपट, आणि खाली लिहिलेलं की सगळे प्राणी रेस्क्यू केलेले, तिकिटाचे पैसे त्यांच्याच औषधपाण्याला जातात. ते वाचूनच भाचीला घेऊन गेले. माणशी 650 तिकीट, खाऊचा कप 100 ला वेगळा, वर "ससा दत्तक घ्या" म्हणून 1500 घेतले आणि सशाचा फोटो, नाव छापलेलं सर्टिफिकेट हातात दिलं.

आत शिरल्या शिरल्या मुताचा वास, डोळे चुरचुरतील इतका. खिडकी एक नाही, गाणी मोठ्ठ्याने चालू. सशांच्या जागेत प्लास्टिकचं हिरवं गवत, खरं सुकं गवत काडीभर नाही. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, गवत चावून चावूनच झिजतात, इथे त्यांना मिळतं काय तर आपण विकत घेतलेल्या कपातलं गाजर आणि पेलेट, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या. एका पांढऱ्या सशाची हनुवटी लाळेने ओलीचिकट, नखं वाढून वळलेली, आणि मुलं त्याला काखेत धरून उचलतायत, स्टाफ म्हणतोय बघा किती शांत आहे. अहो ससा घाबरला आणि पळायला जागा नसली की थिजून बसतो, ती भीती आहे, आणि हे लोक ती शांतपणा म्हणून विकतायत.

पाण्याचं भांडं कुठेच दिसेना म्हणून तिथल्या पोराला विचारलं. तो बिचारा खरं बोलला, "ताई पाणी ठेवलं की सारखं मुततात, साफ करावं लागतं, म्हणून बंद झाल्यावर देतो." सकाळी खायलाही देत नाहीत, कारण पोट भरलेलं असलं तर कपाकडे धावत येत नाहीत. मला तिथेच रडू आलं.

इग्वाना म्हणून मोठा सरडा होता, त्याचा जबडा सुजलेला, मागचे पाय ओढत चालत होता. त्याला यूव्हीबी बल्ब, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा लागतो, नाहीतर कॅल्शियम अंगी लागत नाही आणि हाडं मऊ पडतात, वर बघितलं तर घरातला साधा एलईडी. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला, म्हणजे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, तरी हात धुवायला बेसिन नाही, मुलं त्याच हातांनी पॉपकॉर्न खात होती.

रेस्क्यूचे कागद मागितले तर मॅनेजर म्हणे ऑफिसला आहेत. भिंतीवर फ्रेममध्ये "गव्हर्न्मेंट लायसन्स" लावलंय ते नीट वाचलं तर नुसतं शॉप अॅक्टचं, म्हणजे साधी दुकान नोंदणी, प्राण्यांचा उल्लेखच नाही. आणि बाहेर एक बाई भेटल्या, त्यांच्या दत्तक सर्टिफिकेटवर तोच ससा, तोच फोटो, फक्त नाव वेगळं!! पैसे परत मागितले तर नो रिफंड.

तिकीट लावून प्राणी दाखवायचे तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली रजिस्ट्रेशन लागतं, त्याचे नियम 2001 चे आहेत आणि ते अॅनिमल वेल्फेअर बोर्डाकडे होतं, तोच कागद मागा, शॉप अॅक्टवर गप्प बसू नका. अन्नपाणी न देणं हाही त्याच कायद्यात गुन्हा आहे, पण पहिल्या वेळेचा दंड 10 ते 50 रुपये, म्हणजे एका खाऊच्या कपाएवढाही नाही, म्हणून यांना फरक पडत नाही. आपला हिरवा पोपट किंवा स्टार कासव दिसलं तर मात्र सरळ वन विभागाच्या 1926 वर फोन करा, ते ठेवणंच बेकायदेशीर आहे. पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915. तिकीट, सर्टिफिकेट, भिंतीवरची फ्रेम, सगळ्याचे फोटो काढून ठेवा, माझी तक्रार तेवढ्याच जोरावर घेतली गेली.

मॉलवाले म्हणतात आम्ही फक्त गाळा भाड्याने दिलाय. म्हणून आता बोर्डाकडे पाठवायच्या अर्जाला व्हेटचं लेखी मत जोडायचंय, माझ्याकडे सशाचे आणि इग्वानाचे व्हिडिओ आहेत. पुण्यात ससे, इग्वाना बघणारे कोणी डॉक्टर माहीत असतील तर प्लीज मेसेज करा, आणि तुमच्याकडेही असं दत्तक सर्टिफिकेट असेल तर फोटो पाठवा, एकत्रच जोडू.