नागपूरहून तीनशे मैल: रायपूर, संभाजीनगर की गोंदिया?

दिवाळी आटोपली की नागपूर विमानतळावर, सोनेगावच्या हँगरबाहेर एकच प्रश्न फिरत असतो: "तुझा तीनशेचा रूट ठरला का?" कमर्शियल लायसन्ससाठी किमान ३०० नॉटिकल मैलांचं एक क्रॉस कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याचं उड्डाण लागतं. पायलट इन कमांड म्हणून जायचं, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं. बहुतेक पोरं ते सोलोच, म्हणजे एकट्याने करतात. मग कोणी सिनियरचा जुना नेव्ह लॉग (मार्ग, वेळ आणि इंधनाच्या हिशेबाचा कागद) मागतो, त्यातले आकडे उतरवतो आणि इंस्ट्रक्टरपुढे ठेवतो. मीही तेच केलं होतं. म्हणून हे लिहितो आहे.

नागपूर देशाच्या मध्यावर असल्याने इथून कुठेही रेघ मारता येते, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. मी तीन त्रिकोण समोर ठेवतो. पहिल्या दोघांना लोक ‘पूर्वेचा’ आणि ‘पश्चिमेचा’ म्हणतात. तिसरा फारसा कोणी काढत नाही.

पूर्वेचा म्हणजे नागपूर–रायपूर–जबलपूर–नागपूर. १५१, १५२ आणि १३७, एकूण ४४० मैल. पश्चिमेचा म्हणजे नागपूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर आणि परत. १५०, ११६ आणि २१८, म्हणजे ४८४. अंतराची अट दोघांत आरामात बसते. खरं तर गरजेपेक्षा जास्तच बसते, आणि हे जास्तीचं अंतर परवडतं का ते टाकी सांगते.

आधी टाकीच बघू. सेसना १७२ एस हे विमान पकडा. वापरता येण्याजोगं इंधन ५३ गॅलन, म्हणजे २०१ लिटर. मी नियोजनात ११० नॉट (म्हणजे तासाला ११० नॉटिकल मैल) आणि तासाला ३६ लिटर धरतो. पुस्तकातला वेग याहून चांगला दिसेल, पण ते विमान नवं होतं आणि तुमचं नाही. तुमच्या विमानाचे आकडे त्याच्याच पीओएचमधून (विमानाच्या पुस्तकातून) आणि टेक लॉगमधून (देखभालीच्या नोंदवहीतून) काढा. प्रत्येक स्टार्ट, टॅक्सी आणि क्लाइंबचे ७ लिटर वेगळे, म्हणजे तीन लेगचे (टप्प्यांचे) २१. दिवसाच्या व्हीएफआरला (बाहेर बघत उडण्याला) अर्ध्या तासाचं राखीव चालतं, मी पाऊण तासाचं धरतो, म्हणजे २७ लिटर.

पूर्वेचा त्रिकोण: चार तास, १४४ अधिक २१ अधिक २७, म्हणजे १९२. हाती उरले ९ लिटर, जेमतेम पंधरा मिनिटं. पश्चिमेचा: ४ तास २४ मिनिटं, १५८ अधिक ४८, म्हणजे २०६. टाकीत २०१. विषय संपला. वाटेत तेल भरू म्हणाल तर अ‍ॅव्हगॅस प्रत्येक विमानतळावर हजर नसतं. ते या इंजिनाचं पेट्रोल, मोठ्या विमानांचं जेट ए-१ मिळतं तितक्या सहज ते मिळत नाही. बॅरल कुठे आहे, कोणाच्या नावावर आहे, ते भरायला माणूस कोण येणार, हे फोनवर आधी पक्कं झालं नसेल तर ते तेल नाहीच असं समजा. (धाकटं सेसना १५२ घेऊन जाणार असाल तर साधी टाकी साडेचोवीस गॅलनची. तिला यातला कुठलाच त्रिकोण न भरता झेपत नाही.)

विमान डायमंड डीए ४० एनजी असेल तर गणित पालटतं. तिचं इंजिन जेट ए-१ वर चालतं. लाँग रेंज टाकीत ३९ गॅलन, म्हणजे सुमारे १४८ लिटर बसतं. १२५ नॉट आणि तासाला २५ लिटर धरले तरी पश्चिमेचा त्रिकोण राखीव धरून १४० लिटरच्या आत येतो. २८ गॅलनची टाकी असेल तर नाही. म्हणजे ‘डायमंड आहे’ एवढ्यावर खूश होऊ नका, टाकी कुठली ते विचारा. आणि उजव्या टाकीतलं इंधन पंपाने डावीकडे घ्यावं लागतं, ते घ्यायची वेळ नेव्ह लॉगमध्ये लिहा. डोक्यात ठेवून चालत नाही, कारण ती वेळ नेमकी एटीसी (हवाई नियंत्रण) बोलत असतानाच येते.

आता ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते, म्हणजे सूर्य.

हिवाळ्यात विदर्भाची सकाळ वरून दुधाळ असते. शेकोट्यांचा धूर, धूळ, थोडं धुकं, सगळं खालच्या दोन-तीन हजार फुटांत अडकून बसतं. मेटारमध्ये (विमानतळाच्या हवामान अहवालात) दृश्यता पाच किलोमीटर लिहिलेली असते आणि सूर्य पाठीशी असेल तर ती तितकी असतेही. तोच सूर्य समोर असेल तर पुढची काच पांढरी होते. रायपूरचा ट्रॅक (जायची दिशा) आहे ८८ अंश, जवळजवळ सरळ पूर्वेला. सकाळी साडेआठला निघालात तर सव्वा तासाहून जास्त वेळ तुम्ही उगवत्या सूर्याकडे बघत जाता. खालून भंडारा जातं, वैनगंगा जाते, पण ती खिडकीतून तिरकी मान करून बघावी लागते. मग त्रिकोण उलटा उडवावा, आधी जबलपूर आणि शेवटी रायपूर? तर परतीला दुपार कलताना सरळ पश्चिमेला यायचं. सूर्य पुन्हा समोर. पूर्वेचा त्रिकोण कसाही फिरवा, एका लेगला डोळे जातातच.

माझ्या वेळी सुलट होता. दुसऱ्या थांब्यावर (नाव नको) उभं राहायला जागा, मग नंबर, मग पुन्हा जागा असं करत पावणेदोन तास गेले. शेवटचा लेग दोनशे चार अंशांवर, डिसेंबरातली संध्याकाळ, साडेपाचच्या पुढे-मागे मावळणारा सूर्य उजव्या कोपऱ्यातून तोंडावर. व्हीएफआरला सूर्यास्तानंतर हवेत राहायचं नसतं. मी अंधाराच्या अर्धा तास आधी उतरलो, लॉगबुकात सगळं व्यवस्थित आहे, पण त्या लेगमधला सिवनीनंतरचा भाग मला आजही नीट आठवत नाही. इतकं मी घड्याळाकडेच बघत होतो.

पश्चिमेच्या त्रिकोणात ही अडचण सुटते, फक्त तो उलटा उडवावा लागतो. सकाळी लांबचा २१८ मैलांचा लेग आधी: ट्रॅक अडीचशे अंशांच्या आसपास, सूर्य पाठीला, हवा गुळगुळीत, तुम्ही ताजे. खाली समृद्धी महामार्ग. वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाणा, जालना असा तो तुमच्याच दिशेने जातो. हवा स्वच्छ असेल तर मेहकरच्या सुमारास डावीकडे १५ मैलांवर लोणारचं गोल पाणी चमकतं, आणि ते एकदा दिसलं की जागेबद्दल शंका राहत नाही. मग चिकलठाण्याहून (संभाजीनगरच्या विमानतळावरून) नांदेड, आणि नांदेडहून उत्तर-पूर्वेला घरी. दुपारचा सूर्य मागे-डावीकडे. शेवटी वर्धा डाव्या हाताला, हिंगणघाट उजव्या हाताला आणि मधून तुम्ही. पुलगावला सैन्याचा मोठा दारूगोळा भांडार आहे. त्या बाजूला रेघ मारण्याआधी चार्टवर काय आखलंय ते बघा. (जबलपूरलाही खमरियाचा कारखाना आहेच.)

इंजिन बंद पडलं तर कुठे उतरणार हा प्रश्न ब्रीफिंगमध्ये तोंडपाठ उत्तर देऊन संपतो. जमिनीवर तो संपत नाही. पश्चिमेला काळ्या मातीची मोठी सलग वावरं आहेत. सोयाबीन निघालेलं असतं, ती रिकामी असतात. कपाशी आणि तूर डिसेंबरात उभीच असते, तेवढी टाळायची. पावसाळ्यात मात्र हीच माती चाक गिळते. शिवाय यवतमाळ, अमरावतीचं बेलोरा, अकोला, जालना अशा धावपट्ट्या आजूबाजूला आहेत. पूर्वेला भंडारा-गोंदियापासून धानाच्या बांध्या सुरू होतात. कापणी झालेली दिसते, वरून छान सपाट वाटतं, पण दर वीस-तीस पावलांवर धुरा. नोजव्हील पहिल्याच धुऱ्याला राहील. आणि रायपूर–जबलपूर लेग तर मैकल डोंगरावरून जातो. कवर्धा उजवीकडे सुटलं की मंडला दिसेपर्यंत जंगल. कान्हा बाजूलाच. सुंदर आहे, प्रवाशाच्या सीटवरून. त्या लेगला, पश्चिमेकडे जाताना उंची सम हजार अधिक पाचशे फूट हा नियम धरून, ४५०० किंवा ६५०० मिळतात, मी ६५०० खाली विचारच करणार नाही. तिथे चाळीस-पन्नास मैल ‘तिकडे वळेन’ म्हणायला ‘तिकडे’ काही नाही.

म्हणजे डायमंड आणि मोठी टाकी असेल तर पश्चिमेचा उलटा त्रिकोण. माझ्या मते त्यात दुमत व्हायचं कारण नाही.

पण आपल्याकडे बरेच जण १७२ वर आहेत. त्यांना पूर्वेचा टाकीत बसतो पण मनाला बसत नाही, आणि पश्चिमेचा टाकीतच बसत नाही. एका दुपारी प्लॉटर घेऊन बसलो आणि रायपूरऐवजी गोंदिया घातलं. नागपूर–जबलपूर १३७, जबलपूर–गोंदिया १००, गोंदिया–नागपूर ७४. बेरीज ३११. दोन वेगळे विमानतळ, दोन पूर्ण थांबे, तीनशेच्या वर अकरा मैल.

अकरा मैल कमी वाटतील. ‘परीक्षकाने मोजलं आणि २९८ निघालं तर?’ ही भीती खरी आहे, म्हणून विमानतळांच्या प्रकाशित अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढून नेव्ह लॉगला जोडा. चार्टवर पट्टी लावून काढलेलं अंतर एक-दोन मैल इकडेतिकडे होतंच.

या त्रिकोणाची गंमत अशी की प्रत्येक लेगखाली एक तार पसरलेली आहे. नागपूरहून जबलपूरला निघालात की रामटेक उजवीकडे, तोतलाडोहचं पाणी डावीकडे आणि राष्ट्रीय महामार्ग ४४. सिवनी जवळजवळ बरोबर रेषेवर येते. त्याच पट्ट्यात सुकतऱ्याची धावपट्टी आहे. पुढे बरगी धरणाचा पसरट जलाशय दिसला की जबलपूरशी बोलायची वेळ झाली. जबलपूर–गोंदिया लेगवर नैनपूर आणि बालाघाट. जुन्या नॅरोगेजचा मार्ग, आता ब्रॉडगेज. रूळ तुमच्या ट्रॅकला जवळजवळ चिकटून येतात. तिसऱ्या लेगला हावडा–मुंबई लाइन. साठाला एक हा हिशेब लक्षात ठेवा: ६० मैलांत एक अंश चुकलात तर एक मैल बाहेर. इथे सर्वात लांब लेग १३७ मैलांचा, म्हणजे पाच अंशांची चूक सबंध लेगभर तशीच चालवली तरी अकरा-बारा मैल. रूळ किंवा रस्ता त्याआधीच काहीतरी सांगतो. सातपुड्याचं पठार सिवनीकडे दोन हजार फुटांच्या आसपास आहे, पहिल्या दोन लेगला ५५०० आणि शेवटच्याला ४५०० पुरतात. बालाघाटाच्या वर जंगल आहे, ते मी लपवत नाही, आणि बांध्या तर गोंदियाच्याच. पण मैकलसारखं सलग नाही.

तेल: २ तास ५० मिनिटं, १०२ अधिक ४८, १५०. हाती ५१ लिटर, जवळजवळ दीड तास. म्हणजे जबलपूर धुक्यात गेलं तर नागपूरला परत येता येतं. जानेवारीत जबलपूरची सकाळ नागपूरपेक्षा उशिरा मोकळी होते, निघण्याआधी मेटार दोनदा बघा. साडेआठला निघालात, जबलपूरला तासभर आणि गोंदियाला पाऊण तास गेला, तरी एक-सव्वा वाजता तुम्ही सोनेगावला. सूर्य तोपर्यंत डोक्यावरच असतो. एखाद्या ठिकाणी दोन तास अडकलात तरी उजेड शिल्लक.

बाकीचं तिन्हीकडे सारखं, म्हणून पटकन. प्रत्येक लेगला एफआयसी आणि एडीसी नंबर (उड्डाणाच्या मंजुरीचे क्रमांक) नवा. घरून घेतलेला नंबर जबलपूरला चालत नाही. फ्लाइट प्लॅनची वेळ यूटीसीत (आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे), साडेआठ म्हणजे ०३००. टाकी स्वतः डिप करा, म्हणजे पट्टी बुडवून इंधन मोजा. मे महिन्यात यातलं काहीच करू नका: ४४ अंशांना नागपूरची समुद्रसपाटीपासून १०३३ फूट उंचीवरची धावपट्टी विमानाला पावणेपाच हजार फुटांवर असल्यासारखी लागते, आणि दुपारी वर जे हादरे बसतात त्यात चार्ट मांडीवर राहत नाही. सकाळी तर्री पोहे खाऊ नका. १७२ मध्ये त्याची सोय नाही.

गोंदियाच्या बिरसी विमानतळाला आदल्या दिवशी स्वतः फोन करा. तिथे प्रशिक्षणाची वर्दळ असते, सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या घिरट्यांत) चार-पाच जण फिरत असू शकतात, तुम्हाला कधी घेतील ते विचारून त्याप्रमाणे जबलपूरचा थांबा मागेपुढे करा. आणि त्यांनी त्या दिवशी नाही म्हटलं तर रायपूर घालून दिवस साजरा करू नका. १७२ वर तेव्हा पुन्हा ९ लिटर हाती आणि संध्याकाळी सूर्य समोर. इंस्ट्रक्टरला सांगून पुढची तारीख घ्या.