आयल ऑफ वाइटवरचं ते घर भाड्याचं नव्हतंच

मे महिन्याच्या हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या सुट्टीत, इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या आयल ऑफ वाइट बेटावर तीन रात्री राहायचं, हे आमचं सासूबाई सांगलीहून यायच्या आधीपासून ठरलं होतं. राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बर्न हाऊसमधला दरबार हॉल त्यांना बघायचा होता. त्याची नक्षी लाहोरच्या भाई राम सिंगांनी केली, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मुलांना हवी होती अलम बेची रंगीत वाळू. पण मी घर शोधायला बसले तेव्हा एप्रिल उजाडला होता आणि आमच्या बजेटमधलं सगळं भरलेलं.

अशात एका साईटवर शँक्लिनमधलं घर दिसलं. समुद्र पाच मिनिटांवर, पुढच्या खोलीत निळा सोफा, तीन रात्रींचे 540 पौंड. मालकाला निरोप टाकला तर दहा मिनिटांत उत्तर आलं: साईटचं कमिशन वाचवू, थेट बँकेत भरा, 60 पौंड कमी करतो. बोलणं इतकं आपुलकीचं, की आजींना जिने चढवतील का, हेही त्यानेच विचारलं. त्या एका प्रश्नाने मी विरघळले.

480 पौंड पाठवताना बँकेच्या अ‍ॅपने सांगितलं, खात्यावरचं नाव जुळत नाही. मी त्याला कळवलं. तो म्हणाला, "खातं बायकोच्या नावावर आहे." आणि मी पुढे जा दाबलं. कळकळीने सांगते, नाव जुळत नाही असं दिसलं की तिथेच थांबा. कारण कितीही पटण्यासारखं असलं तरी.

पोर्ट्समथहून गाडीसकट फेरीने फिशबर्नला उतरलो. पाऊण तासाचा प्रवास, मुलं डेकवरून हलायला तयार नव्हती. शँक्लिनला पोचून बेल वाजवली. हातात ओला टॉवेल घेऊन एक बाई दारात आल्या. त्यांच्यामागे तोच निळा सोफा. त्यांनी माझ्या मोबाईलवरचे फोटो पाहिले आणि त्यांचा चेहराच उतरला. घर त्यांनी दोन वर्षांपूर्वी सोफ्यासकट विकत घेतलं होतं; हे फोटो त्या वेळच्या विक्रीच्या जाहिरातीतले. त्या आठवड्यात असं फसून त्यांच्या दारात आलेलं आमचं हे दुसरं कुटुंब. सासूबाई गाडीत बसून होत्या, त्यांना काय सांगावं ते मला सुचेना.

घरी आल्यावर फोटो पुन्हा नीट पाहिले. एकाही पलंगावर जादा उशी नाही, बाथरूममध्ये टॉवेल नाही, किचनमध्ये पाहुण्यांसाठी सूचनांचा कागद नाही. भाड्याने देणारा माणूस हे सगळं हौसेने दाखवतो. तोच फोटो गुगलवर टाकून तो आणखी कुठे आहे ते शोधलं असतं तर विक्रीची जाहिरात दोन मिनिटांत सापडली असती. कुणाला जास्तच खात्री करायची असेल तर इंग्लंडमध्ये लँड रजिस्ट्रीकडे, म्हणजे घर-जमिनीच्या मालकीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, पैसे भरून मालकाचं नावही बघता येतं.

त्या बाईंनीच आम्हाला राईड गावातलं एक गेस्ट हाऊस फोन करून मिळवून दिलं. मी गाडीतूनच 159 लावला, ब्रिटनमध्ये हा नंबर बहुतेक बँकांना थेट जोडून देतो. ऑक्टोबर 2024 पासूनच्या नियमाप्रमाणे अशा फसवणुकीत बँकेने पैसे परत द्यायचे असतात, मात्र 100 पौंडांपर्यंत कापून घेता येतात. आमचे 380 आले. तरी त्यावर विसंबू नका, इशारे डावलून फारच निष्काळजीपणा केला असं ठरलं तर बँक नाकारू शकते. क्रेडिट कार्डाने भरले असते तर 1974 च्या कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्टखाली कार्ड कंपनीकडेही दाद मागता आली असती. म्हणूनच हे लोक कार्ड घेत नाहीत.

दरबार हॉल पाहिला. सासूबाई शेकोटीवरच्या मोरासमोर बराच वेळ उभ्या होत्या, एक शब्द बोलल्या नाहीत.

मी तक्रार केल्यावर साईटने ती जाहिरात काढली. गेल्या आठवड्यात तोच निळा सोफा दुसऱ्या नावाने पुन्हा दिसला, या वेळी गाव व्हेंटनर आणि तारखा ऑगस्टच्या. मी परत तक्रार केली आहे. तोवर कुणी ऑगस्टसाठी तिकडे घर बघत असेल, तर हे त्यांना पाठवा.